गाडीतलं कायमचं वजन

२५ नोव्हेंबर, सोमवार. नळदुर्ग

नव्या वहीची सुरुवात एका गंभीर तक्रारीनं करतो. ज्या दैनिकाचा मी नळदुर्गचा वार्ताहर आहे ते दैनिक माझ्याच घरात मला शिळं मिळतं. पेपर दारात पडल्याचा आवाज माझ्याआधी अण्णांच्या कानी जातो. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू हिंमतराव. ते बाजारभावाचं पान उपसून काढतात, त्याची चौघडी करतात आणि मांडीखाली दाबून बसतात. त्या पानाच्या पाठीवर नेमकी माझी बातमी असते. निवडणूक निकालाचं माझं विश्लेषण दोन दिवस त्यांच्या मांडीखाली होतं. मागितलं तर म्हणाले, "सोयाबीनचा भाव बगू दे की बबरू. तुजी बातमी कुठं पळून चाललीया? निवडून आलेला गडी पाच वर्सं हालत न्हाय."

पाठशाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या माणसानं याला आसनाधिकार म्हणावं. आसनाखाली गेलं ते आसनस्थाचं. वेदात आधार सापडला नाही, पण घरात अपीलही नाही.

अण्णा पावसाळ्यात रानातल्या विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि खुबा मोडला. सोलापूरला ऑपरेशन झालं, खुब्याचा सांधा बदलला. तेव्हापासून ते आणि तुळजावहिनी आमच्याकडं आहेत. रान धुळाप्पा वाट्यानं बघतो. अण्णा मला रोज विचारतात, पाणी कुठवर आलं, ज्वारी किती झाली, धुळाप्पाच्या शेरडांनी बांध खाल्ला का. मी न्यायालयात साक्ष द्यावी तशी उत्तरं देतो, कारण मला यातलं काही माहीत नसतं.

एक ठरवलं आहे. तीस डिसेंबरला वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस. या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळे आपापल्या रानात जेवतात. अण्णांनी आयुष्यात एकही येळवस चुकवलेली नाही. डॉक्टर म्हणतात, गाडीत बसून जाऊ देत, पण दणके नकोत आणि खाली मांडी घालून बसणं नको. अडचण वाटेची आहे. ओढ्यापलीकडं खडकाची एक पायरी आहे, आणि पुढं दोन चाकोऱ्यांच्या मधे मुरमाचा उंचवटा. परवा मी एकटा गेलो तर गाडीचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं जागीच फिरली. धुळाप्पानं मागून ढकलली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

अण्णांना सांगितलं, गाडी उंच करून घेतो. ते म्हणाले, "त्यापरीस मला खाटंवर घाला आन् चौघं उचला."

वहिनी आतून म्हणाल्या, "तोंडाला हाड हाय का न्हाई तुमच्या?"

"हाड हुतं, ते सोलापूरला काडून घेतलं."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

हायवेवरच्या रेवणसिद्धच्या गॅरेजात गेलो. हा मूळचा ट्रकांचे कमानपाटे बांधणारा. अलीकडं बागायतदारांच्या पोरांना गाड्या उंच करून देतो आणि दर वाक्यात एक व्हिडिओ दाखवतो. माझ्या गाडीभोवती दोनदा फिरला. गाडीच्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. तिनं आमच्या दैनिकाला कधी जाहिरात दिलेली नाही.

"सर, करायचं तर चार इंच करा. समोरच्यानं वर मान करून बगितलं पायजे."

"समोर धुळाप्पाची शेरडं असतात, रेवणसिद्ध. ती मान खाली घालून चरतात."

मग त्यानं बसून समजावलं. शॉकअप हालचाल दाबतो, स्प्रिंग वजन पेलते. ही दोन्ही एकाच नळीवर बसवलेली असली की तिला कॉइलओव्हर म्हणायचं. मूळचं काढायचं आणि बाजारातलं लांब घालायचं, गाडी वर येते. फार वर नेली तर एक्सलचे सांधे तिरके होतात, लवकर जातात आणि वळणावर गाडी झुकते. म्हणजे इथंही प्रश्न सांध्याचाच.

उंच केलेल्या गाड्यांवरच्या कारवाईची बातमी मी गेल्या वर्षी लिहिली होती, "बेशिस्त चालकांना चाप" अशा मथळ्याखाली. त्यामुळं आधी नियम विचारला. तीन माहीतगारांनी तीन नियम सांगितले. तिघांत जो कडक वाटला त्याच्याही आत राहायचं ठरवलं: दोन इंच, वर नाही. रेवणसिद्ध खट्टू झाला. "दोन इंचात कळतबी न्हाई सर, गाडी उचललीया म्हून."

"खडकाला कळलं म्हणजे झालं."

१ डिसेंबर, रविवार

अभ्यास चालू आहे. तीन मार्ग दिसतात.

पहिला, मूळ स्प्रिंगच्या डोक्यावर जाड चकती ठेवणं. चपलेच्या टाचेखाली लाकूड ठोकून उंच होण्यासारखं. स्वस्त आहे, पण शॉकअप तोच जुना राहतो, दणका तोच बसतो. दुसरा, नळीला बाहेरून आटे असलेला कॉइलओव्हर. पान्यानं कडं फिरवून उंची कमीजास्त करता येते. तिसऱ्याला बाजूला आणखी एक डबी जोडलेली, तेल गरम होऊ नये म्हणून. तो वाळवंटातल्या शर्यतींसाठी. आमच्या ओढ्यातली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे धुळाप्पाचं कुत्रं, म्हणून तिसरा बाद.

दुसरा घ्यायचा. त्यातही नळीत तेल आणि दाबलेला वायू. तेल आणि वात एकाच ठिकाणी सुखानं नांदतात हे आमच्या वैद्यांना सांगायला हवं. मी त्याचं नामकरण केलं: सर्पिलवेष्टित आघातशामक. जेवताना मोठ्यानं म्हणून दाखवलं.

अण्णा म्हणाले, "मंतर झाला का जेवायचं?"

दीपमाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी विचारलं, "बैलगाडीनं नेलं तर?" मी म्हणालो, बैलगाडीला शॉकअप नसतो. त्या म्हणाल्या, "बैलाला डोळे असतात. खड्डा दिसला की हळू चालतो." हा टोला कुणाला होता ते लिहायची गरज नाही.

४ डिसेंबर, बुधवार

पुण्याच्या दुकानदाराशी फोनवर बोललो. गोड माणूस. त्याच्याकडं स्प्रिंगा तीन जातींच्या: हलकी, मध्यम, भारी. कुठली घ्यायची ते गाडीतल्या वजनावर ठरतं.

"सर, गाडीत कायम लोड किती असतो?"

मी सगळं सांगितलं. मोठी माणसं सात, त्यात पुण्याहून येणारे पाहुणे. आंबिलीची मडकी दोन, भज्जीचं, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांच्या मिसळीचं, पातेलं, खिरीचं पातेलं, बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांची टोपली, उसाची मोळी, पाण्याचे कॅन, अण्णांची खुर्ची. त्यानं विचारलं:

"हे कायम असतं?"

"आमच्यात असंच असतं," मी म्हणालो.

"मग भारीच घ्या."

भारी सांगितली. फोन ठेवल्यावर दीपमाला म्हणाली, "अहो, ते येळवशीचं वजन झालं. वर्षातला एक दिवस कायम कसा होतो? एरवी गाडीत तुम्ही आणि तुमची पिशवी."

गणिताच्या माणसांना सरासरीचं वेड असतं. मी सणाचं माप धरलं. धान्याची कणगी कुणी रिकाम्या दिवसावरून बांधत नाही.

अण्णा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "सात मानसं कोन कोन रं?" मी नावं मोजून दाखवली. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी दुसरीकडं बघितलं. झोप आली असावी.

७ डिसेंबर, शनिवार

आनंदाची नोंद. आज पेपर अखंड मिळाला. बाजारभावाचं पान जागच्या जागी. अण्णांना म्हणालो, तुम्ही घेतला नाही? म्हणाले, "घे तू. तुजंच हाय त्यात." तक्रार मागं घेतो.

११ डिसेंबर, बुधवार

पार्सल आलं. चार नळ्या, काळ्या, तेलकट, स्प्रिंगा लाल. बैठकीत मांडून ठेवल्या. वहिनींनी त्यांना हळदकुंकू लावलं. मी म्हणालो, अजून बसवायच्या आहेत. त्या म्हणाल्या, "नवरीला बी वरात निघायच्या आदीच लावत्यात, भावजी."

अण्णांनी एक नळी मांडीवर घेतली, अंगठ्यानं दाबून बघितली आणि खाली ठेवली. "लई घट हाय," इतकंच म्हणाले. घट्ट, म्हणजे मजबूत. मला पावती मिळाल्यासारखं वाटलं.

पुढच्या पडवीत अण्णांचं यंदाचं सोयाबीन पोत्यांत थप्पी लावून आहे, भाव वाढेल म्हणून राखलेलं. वहिनींनी विचारलं, "आवं, विकायचं का आता? व्यापारी येऊन गेला." अण्णा म्हणाले, "बगा तुमचं तुमी." स्वभाव किती निवळला आहे. धुळाप्पाची चौकशीही आठवडाभर केलेली नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, ती आता कुठं लागू पडते आहे.

१५ डिसेंबर, रविवार

आज बसवलं. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी घेतली. रेवणसिद्धनं जुनी स्प्रिंग काढताना मला लांब उभं केलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस बातमी होतो, म्हणाला. नंतर चाकांचं अलाइनमेंट, दिव्यांचा कोन. दिवे आधी होते तसेच लावले तेव्हा उजेड समोरच्या माडीवर गेला आणि तिथल्या लोकांनी पडदे ओढले.

मग मी टेप लावली. दोन इंच सांगितलं होतं, तीनच्या वर भरलं.

"रेवणसिद्ध, हे काय?"

"कडं पार खाली आनलंय सर, ह्याच्या खाली येत न्हाई. स्प्रिंग भारी हाय न्हवं, रिकामी गाडी वरच धरती. वजन पडू द्या, बसंल खाली."

"कधी पडेल?"

"ते तुमी सांगा. कायम सात मानसं आसत्यात म्हनला हुता."

घरी आणली. दारात उभी राहिली तेव्हा एखाद्या मंत्र्याची वाटत होती. दीपमालानं पदर खोचून चढून बघितलं. उतरली आणि दार हळूच लावलं. शाळेत नापास मुलाची वही अशीच मिटत असावी.

१६ डिसेंबर, सोमवार

अण्णांना गाडी दाखवायला बाहेर आणलं. काठी टेकत आले. मी दार उघडलं. त्यांनी डावा हात वरच्या कडीला घातला, चांगला पाय उचलला, तो पायदानापर्यंत पोचला. दुसरा पोचेना. मी मागून धरलं, वहिनींनी काखेतून धरलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मीच नको म्हणालो.

जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर मी महिनाभर मोजतो आहे. जमिनीपासून सीटपर्यंतचं एकदाही मोजलं नव्हतं.

अण्णा ओट्यावर टेकले. घाम पुसला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे बबरू. तुमी जावा समदे. माजं काय, घरी बी जेवन तेच हाय."

फार समजूतदारपणे घेतलं त्यांनी. वहिनी मात्र चुलीपुढं बराच वेळ बसून होत्या आणि चूल पेटलेली नव्हती.

मी हार मानलेली नाही. उद्या खडकाकडं जाऊन येतो.

१९ डिसेंबर, गुरुवार

परीक्षा घेतली. आंबिलीचं मातीचं मडकं घेतलं, गळ्यापर्यंत पाणी भरलं, अण्णांच्या सीटवर चुंबळीवर ठेवलं आणि पट्टा बांधला. येळवशीला बायका हेच मडकं डोक्यावर घेऊन रानापर्यंत जातात आणि थेंब सांडत नाही. म्हणजे बायकांच्या मानेत जो आघातशामक आहे त्याच्याशी पुण्याच्या मालाचा सामना. शेजारी रेवणसिद्धला बसवलं.

खडकाची पायरी गाडी आरामात चढली. पोट कुठं टेकलं नाही. उंचवट्यावरून मोकळी गेली. मला जिंकल्यासारखं झालं. वळून बघितलं तर रेवणसिद्ध भिजलेला. मडक्यात निम्मं पाणी.

"एवढं कसं सांडलं?"

"टनाटना उडतीया सर गाडी. स्प्रिंगला दाबायला वजनच न्हाई. खाटंवर दगडं पसरून निजल्यावानी झालंय."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

तो पँट पिळत म्हणाला, "म्या चार इंचाच्या नादात हुतो. खरं सांगायचं तर म्याबी भारी स्प्रिंग रिकाम्या गाडीत पयल्यांदाच बसवली. हिकडं समदी गाडी भरूनच चालवत्यात."

अण्णा नळी दाबून "लई घट" म्हणाले होते. ती पावती नव्हती, हे आज कळलं.

परत निघालो. धुळाप्पा बांधावर उभा होता. त्यानं विचारलं, "अण्णा येनार न्हवं? ज्वारीत तन लई झालंय. म्या शिव्या खायची तयारी करून ठिवलीया."

सांगितलं, येणार.

२२ डिसेंबर, रविवार

वजन नाही हा दोष असेल तर वजन घालू. पडवीतली सोयाबीनची पोती, रेवणसिद्ध आणि मी, मिळून गाडीत मागं टाकली. माझी कंबर धरली. एकेका पोत्यासरशी गाडी खाली बसत गेली, हत्तीनं गुडघे टेकावे तशी. पुन्हा मडकं, पुन्हा खडक. या खेपेला चुंबळ ओली झाली, तेवढीच. रेवणसिद्ध कोरडा उतरला आणि त्यानं मडक्याला हात जोडले.

राहिला चढण्याचा प्रश्न. तो वहिनींनी सोडवला. "गाडी खालीच लावायचा हट्ट कशापायी? वट्याला लावा की. आमी नव्या नवऱ्या बैलगाडीत वट्यावरनंच चढायचो. कोन खालनं चढलंय?"

गाडी मागं घेत ओट्याला चिकटवून लावली. वजनानं बसलेली सीट आणि ओटा जवळजवळ बरोबरीला आले. दीपमालानं मधे एक पाट ठेवला. अण्णांना म्हणालो, या. म्हणाले, "आज नगं. त्या दिशी बगू."

ठरलं तर. आधी गाडी भरायची, ती बसू द्यायची, मग अण्णांना घ्यायचं.

२९ डिसेंबर, रविवार

घरात आंबील आंबते आहे, भज्जीच्या शेंगा सोलणं चालू आहे. आंबट वास वहीपर्यंत पोचला आहे. सातांतली दोन माणसं गळाली, पुण्याहून येणार नाहीत. त्यांच्या जागी शेजारच्या दोघी जावा घेतल्या. त्या बारीक आहेत. म्हणून सोयाबीनची दोन पोती ठेवायची. दीपमालानं आज गणिताचा टोमणा मारला नाही. पोतं उचलायला हात दिला.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, येतील न्हवं ते?" मी म्हणालो, गाडी तयार आहे. त्या म्हणाल्या, "गाडीचं न्हाई इचारलं म्या."

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या बातमीसारखं लिहीन.

सकाळी सगळे आत बसले, मडकी, पातेली, मोळी ठेवली. गाडी बसली. अण्णा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर आले, पाटावर पाय ठेवला आणि सरळ सीटवर सरकले. खुब्याला कळलंसुद्धा नाही. मागं वळून बघितलं त्यांनी आणि म्हणाले, "सोयाबीन रानातनं घरला आनत्यात बबरू. तू घरनं रानात कुटं घिऊन चाललास?" गाडीभर हशा झाला. मला वाटलं, जमलं.

ओढा ओलांडला. खडकाच्या पायरीवर मी गाडी इतकी हळू घेतली की शेजारून बैलगाडी पुढं गेली. वहिनींच्या मांडीवरचं मडकं हललं नाही. अण्णांना विचारलं, दुखतंय का? "न्हाई. बरं चाललंय." उंचवटा आला, गेला. पोट टेकलं नाही. गाडीनं आपलं काम चोख केलं, हे तिच्या बाजूनं लिहून ठेवतो.

रानात कडब्याची कोप, म्हणजे सावलीपुरती झोपडी, धुळाप्पानं बांधून ठेवली होती. मी खुर्ची काढली, धुळाप्पा पाय ठेवायला मोठा सपाट दगड घेऊन आला. अण्णा म्हणाले, "कशाला? हितनं दिसतंय समदं. एवड्या उंचावनं रान म्या कदी बगितलंच न्हवतं." उतरले नाहीत. दार उघडं ठेवून बसले. गोळ्या घ्यायच्या असतात म्हणून त्यांचं ताट सगळ्यांआधी तिथंच दिलं.

धुळाप्पा कान पाडून दाराशी उभा राहिला. ज्वारीत तण खरोखरच गुडघ्याएवढं होतं, पाटाचं पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात चाललं होतं. अण्णांनी सगळीकडं नजर फिरवली. म्हणाले, "बरं हाय."

धुळाप्पानं वाट पाहिली. आणखी काहीच आलं नाही. तो माझ्याकडं येऊन म्हणाला, "सायब, शिवी न्हाई दिली वो अण्णानं. काय चुकलं माजं?"

जेवणाआधी रानाला आंबील शिंपडायची. एकानं मडकं आणि पाला घेऊन रानाला वेढा घालायचा, हाळी देत, शिंपडत. हे काम कायम अण्णांचं. त्यांची हाळी तिसऱ्या शिवारात जायची. मी मडकं घेऊन त्यांच्याकडं गेलो, म्हणालो, बसूनच हाळी द्या, मी फिरतो. म्हणाले, "तूच दे. तुला बोलायची सवं हाय."

मी निघालो. वेढा उजवा घालायचा, रान उजव्या हाताला ठेवून. पाठशाळेत मी दुसरं काही शिकलो नसलो तरी प्रदक्षिणेची दिशा शिकलो आहे. मी मुद्दाम डावीकडून सुरुवात केली. मडकं ठेवून गाडीची परीक्षा घेतली तशी ही अण्णांची. लहानपणी एकदा असा उलटा फिरलो होतो तेव्हा अण्णांनी बांधावरून ढेकूळ फेकून मारलं होतं, आणि वर जेवताना आठवण करून दिली होती.

हाळी देत, उलटा, गाडीच्या अगदी समोरून गेलो. अण्णांनी बघितलं. माझ्या डोळ्याला त्यांचा डोळा भिडला. त्यांना दिशा कळली होती, यात शंका नाही. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

ओरडल्या त्या वहिनी, कोपीतून. "आवं भावजी, उलटं कुनीकडं चाललाव? येडं लागलं का?"

मी वळलो आणि सुलटा फेरा घातला. धुळाप्पानं मागून साथ दिली.

परतताना अण्णा झोपले होते. खडकाच्या पायरीवरसुद्धा जागे झाले नाहीत. रेवणसिद्धला हे कळलं तर तो व्हिडिओ करील.

२ जानेवारी, गुरुवार

रेवणसिद्धचा फोन आला. पुण्याचा दुकानदार भारी स्प्रिंगा परत घेऊन बदलून द्यायला तयार आहे, माल नवा आहे तोवर. तोच कॉइलओव्हर राहील, फक्त स्प्रिंग बदलायची. गाडी खाली येईल, मऊ चालेल, रिकामीसुद्धा.

"फकस्त ह्या टायमाला नीट सांगा सर. कायम मानसं किती धरू? तुमी आन् बाई धरल्या तर हलकी बास. अण्णाला आन् वयनीला रोज रानाकडं न्हेनार आसाल तर मध्यम घ्यावी लागंल."

मी म्हणालो, विचारून सांगतो.

"कुनाला इचारता? गाडी तर तुमचीच हाय."

दुपार झाली, संध्याकाळ झाली. पेपर सकाळपासून अखंड आहे. बाजारभावाचं पान मीच काढलं, चौघडी केली आणि अण्णांच्या मांडीजवळ ठेवलं. ते तिथंच आहे. सोयाबीनची दोन पोती अजून गाडीतच आहेत, कुणी उतरवा म्हणालं नाही.

दीपमाला म्हणाली, "विचारा की एकदा. एवढ्या मंत्र्यांना प्रश्न विचारता." खरं आहे. पण मंत्री काय म्हणणार ते आधी माहीत असतं, आणि ते काही म्हणाले तरी आपलं बिघडत नाही.

अण्णा खिडकीशी बसले आहेत, इथून दिसतात. जाऊन विचारायला चार पावलंही नाहीत. मला भीती वाटते की मी विचारीन, अण्णा, गाडीत कायम किती माणसं धरायची, आणि ते म्हणतील, मला धरू नगंस. म्हणून मी अजून विचारलेलं नाही.